तिले इचारलं का कोणी?

दिवाळी जवळ आली की माझ्या नावानं येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. वर्षभर ‘कोणतं पुस्तक वाचू’ असं विचारणारे वाचक ‘ताई, सुट्टीत काय पाहू, काहीतरी प्रेमाचं सांगा’ असं लिहू लागतात. मी प्रेमकथांची माणूस आहे हे त्यांना पक्कं माहीत झालंय. माहेर नागभीडकडचं, सासर हिंगणघाट तालुक्यातलं. धानाच्या मुलखातून कापसाच्या मुलखात आले. पुढं गावच्या वाचनालयाची किल्ली माझ्या हाती आली, त्याला आता १९ वर्षं झाली.

उत्तरं देण्याआधी माझं माप सांगते, म्हणजे एखादं नाव मी का घेतलं, का टाळलं ते कळेल. लहानपणी आमच्या टोलीत एकच टीव्ही होता. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर सिनेमा लागला की अख्खी आळी त्या ओसरीवर जमायची. माय मांडीवर सूप घेऊन बसायची, तांदूळ निवडत. पडद्यावर हिरो पोरीच्या मागं मागं गाणं म्हणत फिरायचा, तिची ओढणी धरायचा, सायकल अडवायचा. सगळे खूश. माय सुपातून मान वर काढायची आणि म्हणायची, “अन् तिले इचारलं का कोणी?”

तेवढंच. पुन्हा तांदूळ. मायला अक्षर येत नव्हतं, पण त्या एका वाक्यावर मी आजपर्यंत प्रेमकथा पारखत आले आहे.

प्रश्न : ताई, माझं लग्न मे महिन्यात झालं. दिवाळसणाला हे आमच्याकडे चार दिवस राहायला येणार आहेत. घरात टीव्ही एकच, तोही बैठकीत. बाबा, भाऊ, आजी, सगळे तिथेच. प्रेमाचं काही लागलं की बाबा उठून अंगणात जातात. बाबा उठणार नाहीत असं काही सांगा. (एक लेक, ता. आर्वी)

उत्तर : बाई, तुझ्या बाबांसाठी ‘चितचोर’ लाव. १९७६ चा, बासू चटर्जींचा. लहान गावातले हेडमास्तर, त्यांची बायको आणि धाकटी लेक गीता. मुंबईहून मोठ्या लेकीचं पत्र येतं की एक इंजिनिअर गावात येतोय, स्थळ म्हणून चांगला आहे. स्टेशनवर उतरतो तो मात्र दुसराच, ओव्हरसिअर. घरचे त्यालाच इंजिनिअर समजून डोक्यावर घेतात. खाऊपिऊ घालतात, लेकीला गाणं शिकायला त्याच्यासमोर बसवतात. मग खरा इंजिनिअर येतो आणि आईचा जीव तिकडे वळतो. लेकीचा जीव कुठं वळलाय हे तिला कुणी विचारत नाही. आपल्याकडच्या कितीतरी घरांत हे असंच झालेलं आहे, म्हणून तुझे बाबा उठणार नाहीत. हेडमास्तरांचं काम ए. के. हंगल यांनी केलंय. असा हळवा बाप पाहून माझे सासरे एकदा डोळे पुसत बसले होते, आणि ते कधी डोळे पुसणारे नव्हते.

येसुदास यांच्या आवाजातली गाणी तुझ्या आजीलाही आवडतील. आणखी एक गंमत जावईबापूंना सांग. त्यातला खरा इंजिनिअर झालेले विजयेंद्र घाटगे म्हणजे आपल्या सागरिका घाटगेचे वडील. सागरिकेचा २०१३ चा ‘प्रेमाची गोष्ट’ तुम्ही दोघांनी नंतर केव्हातरी पाहा. विवाह समुपदेशकाच्या ऑफिसात भेटलेली, आपापल्या मोडलेल्या संसारातून बाहेर पडणारी दोन माणसं त्यात आहेत. नव्या लग्नाला तो जड जाईल असं वाटेल, पण जाणार नाही. पहिल्या वर्षातच पाहिला तर जास्त बरं.

आणि बाबा झोपल्यावर, भाऊ मोबाइलवर गेल्यावर, ‘मुंबई-पुणे-मुंबई’. २०१० चा, सतीश राजवाडे यांचा. मुलगी मुंबईहून पुण्याला मुलगा पाहायला येते, खरं तर नाही म्हणायलाच येते. एका दिवसाची गोष्ट, दोनच माणसं, मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी. दिवसभर चालतात, भांडतात, बोलतात. एकमेकांचं नावसुद्धा विचारत नाहीत. बाकी मात्र सगळं विचारतात. तुमचं लग्न पाहून-ठरवून झालेलं असेल तर सिनेमा मध्ये थांबवून एकमेकांना सांगा, पोहे खाताना त्या दिवशी खरं मनात काय होतं. दिवाळसण त्यासाठीच असतो, असं मला वाटतं.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. साडेसहा एकर शेती, कपाशी आणि तूर. तीन वर्षांपासून पोरी पाहून राहिलो, शेतकरी म्हटलं की नकार. घरी बसून प्रेमाचे सिनेमे पाहतो आणि आणखी उदास होतो. मित्र म्हणतो, स्थळाच्या भरवशावर राहू नको, एखादी पोरगी पसंत कर आणि तिच्या मागं लाग, सिनेमात तसंच होते. तुम्ही सांगा, काय पाहू? (एक शेतकरी, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी मित्राचं घेते. त्याचं ऐकू नकोस. आमच्या वाचनालयात बारावीतली एक मुलगी यायची. दर शनिवारी दोन पुस्तकं न्यायची, परत करताना गोष्ट सांगायची. तालुक्याच्या बस स्टँडवर दोन पोरं रोज तिच्या मागं उभी राहायला लागली. त्यांनी काही केलं नाही, फक्त मागं लागली. बापाच्या कानावर गेलं, महिन्याभरात तिचं कॉलेज बंद, वर्षाच्या आत लग्न. तिनं नेलेलं शेवटचं पुस्तक तिच्या धाकट्या भावानं आणून दिलं, त्यात ३१ व्या पानावर खूण तशीच होती. त्या पोरांना वाटत असेल आपण प्रेम केलं. तिले इचारलं का कोणी?

आता सिनेमाचं. तुझ्यासाठी मी ‘पंचायत’ निवडते. ॲमेझॉन प्राइमवरची मालिका आहे, २०२० पासून चार सिझन आले. उत्तर प्रदेशातलं फुलेरा गाव. दाखवलेलं गाव मात्र मध्य प्रदेशातलं आहे, सीहोर जिल्ह्यातलं महोडिया. शहरातला शिकलेला पोरगा २० हजारांवर पंचायतीचा सचिव म्हणून येतो आणि पहिल्या दिवसापासून तिथून निघायचं बघतो. सौरदिवे, खुर्ची, कुलूप, असल्या भानगडींत पहिला सिझन संपतो. प्रधानांची लेक रिंकी आपल्याला दिसते ती थेट शेवटी, पाण्याच्या टाकीवर. त्यानंतरही घाई नाही. चहा, दोन वाक्यं, एक नजर, पुन्हा गावची कामं. अशी सावकाश वाढणारी माया मी पडद्यावर फार कमी पाहिली. तुझ्या आयुष्याचा वेगही तोच आहे, भाऊ. ओल पाहून पेरतोस, डवरतोस, वाट पाहतोस. सिनेमातला वेग तुझा नाही, म्हणून तो पाहून उदास होतोस.

दुसरा, ‘दम लगा के हईशा’, २०१५ चा. हरिद्वारचं कॅसेटचं दुकान, १९९५ चा काळ. पोरगा दहावीत अडकलेला, बाप त्याचं लग्न लावून देतो एका शिकलेल्या, अंगानं भरलेल्या मुलीशी, जिला पुढं मास्तरीण व्हायचंय. त्याला ती नको असते. मित्रांसमोर तो तिच्याबद्दल फार वाईट बोलतो, ते ती ऐकते. तिथं ती रडून खोलीत जात नाही, त्याच्या तोंडात मारते आणि माहेरी निघून जाते. भूमी पेडणेकरचा हा पहिलाच सिनेमा. तुझ्यासाठी सांगते आहे कारण यात नकार खाल्लेली बाजू तिची आहे. तू तीन वर्षांत जे सोसलंस ते ती लग्नाच्या घरात, रोज, सोसते. एकदा तिच्या जागी बसून पाहा.

अमोल पालेकरांचा ‘छोटी सी बात’ मी मुद्दाम पहिला सांगितला नाही. लाजाळू पोरगा, ऑफिसातली मुलगी, खंडाळ्याला जाऊन अशोक कुमारांकडून धीट व्हायला शिकतो. लोभस आहे, विद्या सिन्हा तर फारच गोड. पण त्यातही तो तिच्या मागं बस स्टॉपपर्यंत जातो, आणि आता ते माझ्या डोळ्यांना खुपतं. पाहा, पण तेवढं सोडून दे.

आता सिनेमाबाहेरचं एक. आमचे हेही शेतकरीच. १९९४ साली मला पाहायला आले तेव्हा मोठी माणसं आत बोलत होती. हे अंगणात आले, मी तुळशीपाशी होते. म्हणाले, “आमच्याइकडे विहीर घरापासून लांब हाये. पाणी डोक्यावर आणा लागते. तुम्हाले जमन का? नसन जमत त सांगा, मीच नाही म्हणतो, तुमच्यावर नाव येणार नाही.”

मी त्याच क्षणी हो म्हटलं नाही. रात्रभर जागी होते. नकाराचा डाग स्वतःवर घ्यायला तयार असलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही फार पाहिले नाहीत. सकाळी मायला सांगितलं. विहिरीवर मोटर बसून घरात नळ यायला आणखी तीन वर्षं लागली, आणि त्या तीन वर्षांत दुसऱ्या हंड्याला यांचा हात असायचा. गावातली माणसं हसली तरी.

पोरी शेतकऱ्याला नाही म्हणतात तेव्हा त्या तुला नाही म्हणत नाहीत, भाऊ. त्यांनी आपल्या आईला उन्हात वेचणी करून येऊन पुन्हा चुलीपुढं बसताना पाहिलेलं असतं. भाव पडला की घरातलं बोलणं कसं बंद होतं तेही. पुढच्या वेळी पाहायला जाशील तेव्हा एकरांचा आकडा सांगून झाल्यावर तिला विचार की तिला काय करायचंय. शिवण, नोकरी, शिक्षण, तालुक्याला राहून येणं-जाणं. आणि उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचार. आधी ‘पंचायत’ पाहून घे, मग मला पुन्हा लिही.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे. सुट्टी लागली की मोबाइलवर ‘सैराट’ नाहीतर ‘टाइमपास’. कितीदा पाहिला असेल देव जाणे. आम्ही बंद करावं का? गावात कोणाचं नाव निघू नये एवढंच वाटते. (एक आई, ता. दर्यापूर)

उत्तर : बंद करू नका. तिच्याजवळ बसा.

मोबाइलवर ‘सैराट’ पाहणाऱ्या बहुतेक मुली अर्धाच पाहतात. अजय-अतुल यांची गाणी, विहिरीतल्या उड्या, आर्ची बुलेटवर, आर्ची ट्रॅक्टरवर. मग पुढं ढकलतात किंवा पुन्हा सुरुवातीला नेतात. तुम्ही तिला २०१६ चा तो सिनेमा एकदा सलग, घरच्या टीव्हीवर, तुमच्या मांडीला मांडी लावून दाखवा. मध्यंतरानंतरचं हैदराबाद दाखवा. पत्र्याची खोली, घाण पाणी, पाटलाची लेक कारखान्यात बाटल्यांच्या रांगेत उभी, पोरगा डोशाच्या गाडीवर. तिथं आर्चीला घरची आठवण येते, दोघं भांडतात, तो संशय घेतो, हात उचलतो. तिथं थांबवून विचारा, “बाई, तुला काय वाटते?” पाठ देऊ नका, ऐका. मुली बोलतात, आपण विचारत नाही म्हणून गप्प असतात.

शेवट तुम्हाला ठाऊक आहे. नागराज मंजुळे यांनी तो गाण्याविना, आवाजाविना ठेवला आहे. मी थिएटरात पाहिला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतले पोरंटोरं, जे तासभर शिट्ट्या मारत होते, खुर्चीतून उठले नाहीत. त्या शेवटाची भीती तुमच्या लेकीनं घ्यायची नाही, ताई. ती भीती आपल्यासारख्या आईबापांनी घ्यायची आहे. उद्या तिच्या मनात काही आलं तर ती आधी कोणाकडे येईल, तुमच्याकडे की मोबाइलकडे, हे या सुट्टीत ठरू शकतं.

‘टाइमपास’बद्दल माझं मन तितकं साफ नाही. केतकी माटेगावकर आणि प्रथमेश परब दोघंही निरागस दिसतात, पण दगडू सुरुवात करतो ती पोरगी पटवायच्या हेतूनं. नंतर तो बदलतो हे खरं. तिला एवढंच विचारा की दगडू आधी कसा होता आणि नंतर कसा, आणि प्राजक्ताला फरक कुठं जाणवला.

त्याच वयाला चालेल असा आणखी एक, ‘मुरांबा’. २०१७ चा. मिथिला पालकर आणि अमेय वाघ यांचं तीन वर्षांचं नातं तुटतं आणि मुलाचे आईवडील, सचिन खेडेकर आणि चिन्मयी सुमीत, एका दिवसात ते समजून घ्यायला बघतात. आईवडिलांशी असं बोलता येतं हे तिला दिसू द्या. तुम्हालाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६७. मुलं पुण्याला. यंदा दिवाळीला येणार नाहीत. सौ. आणि मी दोघंच. तिला मालिका आवडतात, मला जुने सिनेमे. दोघांना एकत्र बसता येईल असं काही? (एक गुरुजी, जि. भंडारा)

उत्तर : गुरुजी, नमस्कार. वहिनींसाठी ‘अग्गंबाई सासूबाई’. २०१९ ला झी मराठीवर सुरू झाली, आता झी-फाइव्हवर मिळेल. निवेदिता सराफ यांची आसावरी आयुष्यभर घरातल्यांच्या जेवणाच्या वेळा सांभाळत आलेली विधवा बाई, आणि तिला नव्यानं जगावंसं वाटतं का हे विचारणारी तिची सून. सुनेनं सासूला विचारलं! मी तेव्हा संध्याकाळी वाचनालय पाच मिनिटं आधी बंद करायची, खोटं कशाला बोलू. सगळे भाग पाहू नका, मध्ये मध्ये लांबवलंय. लग्नापर्यंत पाहा आणि थांबा.

तुमच्यासाठी ‘रजनीगंधा’, १९७४. मन्नू भंडारी यांच्या ‘यही सच है’ या कथेवरचा, तुम्ही कथा वाचलीही असेल. संजय वेळेवर येत नाही, विसरतो, ऑफिसचंच बोलतो, पण निशिगंधाची फुलं आणतो. मुंबईत जुना मित्र आहे, तो सगळं वेळेवर करतो. दीपाला निवड करायची आहे आणि शेवटपर्यंत ती स्वतःच करते. सिनेमा संपल्यावर वहिनींना विचारा, तुम्ही संजयसारखे होता की दुसऱ्यासारखे.

‘द लंचबॉक्स’ही सांगणार होते. इरफान खान, चुकीच्या टेबलावर पोहोचलेला डबा, डब्यातून चिठ्ठ्या, वरच्या मजल्यावरून फक्त आवाजानं भेटणाऱ्या देशपांडे काकू. फार सुंदर आहे. पण मुलं येणार नसलेल्या दिवाळीत पहिल्या दिवशी लावू नका. त्यातला एकटेपणा घरात रेंगाळतो. भाऊबीज झाल्यावर, घरी कोणी येऊन गेलं की मग पाहा.

प्रश्न : हॉस्टेलवरून घरी आले की वायफाय नाही. दिवसाला दीड जीबी. एकच मालिका किंवा एकच सिनेमा सांगा. (एक विद्यार्थिनी, अमरावती)

उत्तर : सिनेमा हवा असेल तर ‘जब वी मेट’, हॉस्टेलवरूनच उतरवून आण. रतलामला गाडी चुकते तिथपासून गीत आदित्यला सावरते आणि पुढं तो तिला. दोघांनी एकमेकांना एकेकदा उचललं, म्हणून मला तो आवडतो. मालिका हवी असेल तर ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’. २०१२ ला सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली, वर्षानुवर्षं ताणली नाही. घना आणि राधा आपापल्या अडचणीपायी नावापुरतं लग्न करतात आणि मग खरं प्रेम आडवं येतं. रात्री एक-दोन भाग पाहा, डेटाही उरेल आणि आईजवळ बसायला दिवसही.

प्रश्न : आमच्याकडे दिवाळीनंतर नाटकांचे दिवस. घरात टीव्हीपुढं कोण बसणार? (एक नाट्यवेडा, वडसा, जि. गडचिरोली)

उत्तर : कोणीच बसू नये! मी नागभीडकडची लेक, मला काय सांगता. दिवाळीतली गाईगुरांची पूजा, गायगोधन झालं, मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा भरली की मी पोरगी असताना आईच्या चादरीत गुंडाळून रात्रभर नाटक पाहत असे. पहाटे तीनला तिसऱ्या अंकात हिरोइनचं लग्न दुसऱ्याशी ठरायचं आणि मंडपातल्या बाया हुंदके द्यायच्या, पहाटेच्या थंडीत. आपल्या झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातले, नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा मी वाचनालयात पेढे वाटले आणि इकडच्या लोकांना झाडीपट्टी म्हणजे काय ते नकाशा काढून समजावलं.

वडसा म्हणजे नाटक कंपन्यांचं गाव, तुमच्या इथं ऑफिसांच्या रांगा आहेत. मला एक काम करा. यंदाच्या नाटकांत अशी एखादी असेल की जिथं बापानं मंडपात बसण्याआधी लेकीला विचारलं आहे, तर नाव आणि तारीख कळवा. भाऊबीजेला मी माहेरी आहे. माय आता ८१ वर्षांची आहे, रात्री फार वेळ बसवत नाही, पण असं नाटक असेल तर मी तिला खुर्ची, घोंगडी आणि गरम पाण्याची बाटली घेऊन पहिल्या रांगेत बसवणार आहे.